आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकचे दाते परत परत जातायत? नवा गिअर घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

- थ्रॉटल दिला की कर्रर्र आवाज येतो आणि ट्रक जागचा हलत नाही, किंवा हलतो पण रडत-रखडत.
- हळू चालवताना सगळं ठीक, जोरात दाबलं की टकटक.
- मोटर जोरात फिरतेय असं ऐकू येतं, चाकं मात्र ढिम्म.
- शिट्टीसारखा बारीक आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. थ्रॉटल सोडला की ट्रक घरंगळत पुढे न जाता गपकन थांबतो.
- सरळ जाताना काही नाही, वळताना कटकट.
- गिअरचं झाकण उघडलं की आत पांढरा किंवा काळा भुगा. ग्रीसमध्ये चमचम दिसली तर ती धातूची.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा मोटरवरचा छोटा पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा स्पर गिअर या जोडीची असतात. तिसरं त्या जोडीचं असेल, ढिल्या पिनियनचं असेल, नाहीतर स्लिपर क्लचचं (झटका आला की घसरून दाते वाचवणारा भाग). चौथं म्हणजे दाते एकमेकांत फार घट्ट रुतलेत. पाचवं आढळलं तर डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) किंवा चाकाकडे जाणारा शाफ्ट बघा.

आमच्या कॉलनीतल्या पोरांचा ठरलेला निरोप येतो, "काका, परत दाते गेले. स्पर कुठे मिळेल?" स्पर मिळतो, बसतो, ट्रक पळतो आणि दोन-तीन रविवारांत पुन्हा तोच निरोप. कारण स्पर जातो तो सहसा दुसऱ्या कुणाच्या तरी पापाने. तो मुद्दामच नायलॉनचा किंवा तत्सम प्लास्टिकचा केलेला असतो. घरच्या वायरिंगमधला फ्यूज जसा आधी उडतो, तसा हा आधी जातो आणि आतला महागडा गिअरबॉक्स वाचतो. एकदा गेला तर समजू शकतो. परत परत जात असेल तर खोट दुसरीकडे आहे, आणि ती सापडेपर्यंत नवा गिअर म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी.

मेलेला गिअर नीट बघा

याला खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. तरी ही पायरी कुणी करत नाही. बॅटरीचा प्लग आधी काढा. रिमोट बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. ट्रक चालू आणि रिमोट बंद, अशा वेळी मोटर अचानक फिरू शकते आणि त्या दात्यांत बोट गेलं तर चांगलंच फाटतं. मग झाकण उघडा, जुन्या टूथब्रशने माती झाडा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्पर हळूहळू फिरवा आणि एकेक दाता बघा.

एकाच जागचे तीन-चार दाते साफ उडालेत, बाकीचे धडधाकट आहेत: हा एका झटक्याचा मार. चाकात दगड अडकला होता, ट्रक कठड्याला टेकला असताना थ्रॉटल दिला होता, किंवा हवेत थ्रॉटल दाबून धरल्यामुळे भन्नाट फिरणारी चाकं जमिनीला लागताच एकदम अडकली. अशा वेळी स्लिपर क्लच घसरायला हवा होता. तो घसरला नाही.

सगळे दाते सारखेच बारीक, टोकदार झालेत: ही झीज आहे. वाळू, चुकीच्या पिचचा (दात्यांच्या मापाचा) पिनियन, किंवा झिजलेला जुना पिनियन.

फक्त टोकं गोल झालीत, मुळाशी दाता जाड आहे: दाते नुसते टोकाला टोक लावून फिरत होते, म्हणजे मेश (दोन गिअरचे दाते एकमेकांत बसणं) ढिला.

दाते तुटले नाहीत, चोपडले गेलेत, वितळून बाजूला सरकल्यासारखे दिसतात: उष्णता. मोटरची गरमी शाफ्टवरून पिनियनमध्ये आणि पिनियनमधून थेट प्लास्टिकच्या दात्यांत उतरते.

दात्याची अर्धीच रुंदी झिजलीय, उरलेली अर्धी नवीकोरी: पिनियन शाफ्टवर पुढे-मागे सरकलाय, त्यामुळे सगळा जोर अर्ध्या दात्यावर येतोय.

आता पिनियनकडे या. तो लोखंडी आहे म्हणून झिजत नाही, हा मोठा गैरसमज. अॅल्युमिनियमचा असेल तर मऊ वाळूतसुद्धा लवकर जातो. पिनियनचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. एक बाजू खोल खाल्लेली आणि टोक एकीकडे झुकलेलं दिसलं, तर तो पिनियन नव्या स्परला कानशीसारखा घासत बसेल. तो फेकाच. स्पर आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, ही माझी सक्त सवय आहे. पिनियन घेताना कडक केलेल्या स्टीलचा घ्या.

हाताने होणारी, फुकटातली तपासणी

सगळ्यात आधी चाकं. चाक काढलं की मागे षटकोनी हेक्स दिसतो, लहान ट्रकमध्ये सहसा १२ मिलिमीटरचा, मोठ्यात १७ चा. त्याच्यामागे अॅक्सलमधून आरपार गेलेली एक छोटी पिन असते. ती पिन पडली किंवा हेक्स आतून गोल झाला, तर आवाज अगदी गिअर गेल्यासारखा येतो आणि चाक फिरत नाही. वडापावच्या पैशातलं काम आहे, आणि यासाठी अख्खा गिअरबॉक्स खोललेला मी पाहिलाय.

मग पिनियनचा ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू. मोटरच्या शाफ्टला एका बाजूने सपाट घासलेली जागा असते, तिच्यावरच तो टेकायला हवा. गोल भागावर कसलात तर थोड्या वेळात सुटणार. सुटल्यावर मोटर फिरते, पिनियन जागेवर राहतो आणि माणूस स्परला शिव्या घालतो. ३.१७ मिलिमीटर शाफ्टच्या पिनियनला बहुधा दीड मिलिमीटरची एलन की लागते. ती चांगली, टोक न घासलेली हवी. स्वस्त कीने स्क्रूची खाच आतून गोल झाली तर पुढचा अर्धा दिवस गेला.

त्यानंतर मोटर धरून ठेवणारे दोन स्क्रू. इथे एक खूण हमखास सापडते. स्क्रू काढलात की वॉशरने अॅल्युमिनियमच्या प्लेटवर उमटवलेली गोल खूण बघा. एकच स्वच्छ गोल असेल तर मोटर जागची हललेली नाही. दोन चंद्रकोरी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या किंवा खूण लांबट झाली असेल, तर चालता चालता मोटर मागे सरकतेय आणि मेश आपोआप ढिला होतोय. कितीही नवे स्पर घाला, ते जाणारच.

उपाय सोपा आहे. स्क्रू आणि त्याचे आटे स्पिरिटने पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, कसा. पूर्ण सुकायला एक दिवस द्या. तो धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूलाच लावायचा. प्लास्टिकवर ओघळला तर काही प्लास्टिकं तडकतात. लाल मात्र लावू नका, नंतर उघडताना रडाल. कसून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे खोलल्याशिवाय कळतं.

मेश

बहुतेक ट्रकचा निकाल इथे लागतो. झेरॉक्सच्या साध्या कागदाची बोटभर पट्टी कापा. हा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. मोटरचे स्क्रू जरा सैल करा, पट्टी पिनियन आणि स्परच्या मधून फिरवून आत घ्या, मोटर स्परकडे हलकी दाबा आणि स्क्रू कसा. मग स्पर उलटा फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या स्वच्छ घड्या उमटायला हव्यात, पण ती फाटता कामा नये. फाटली तर घट्ट. घड्या पुसट असतील तर ढिलं.

एवढ्यावर थांबू नका. पिनियन बोटाने धरा आणि स्पर पुढे-मागे हलवून बघा. टिक-टिक असा अगदी बारीक खेळ लागायला हवा. मग स्पर पाव फेरा फिरवून पुन्हा बघा, असं पूर्ण फेरीत चार-पाच ठिकाणी. एका जागी खेळ आणि दुसऱ्या जागी घट्ट, असं निघालं तर स्पर वाकडा आहे किंवा नीट बसलेला नाही. वाकड्या स्परचा मेश लावताना सर्वांत घट्ट जागा प्रमाण धरायची. ४८ पिचच्या बारीक दात्यांना कागदाएवढी फट पुरते. मॉड १ च्या (मॉड हे दात्यांचं मेट्रिक माप) जाड दात्यांना किंचित जास्त चालते.

पिचचा घोळही इथेच बघून टाका. दाते दिसायला सारखे असले तरी एकाच जातीचे असतील असं नाही. ३२ पिच आणि मॉड ०.८ इतके जवळ आहेत की एकमेकांबरोबर चालून जातात. ४८ पिच आणि मॉड ०.६ मात्र अजिबात जुळत नाहीत, फिरतात तोवर फिरतात आणि मग सगळे दाते बारीक होतात. मॉड १ ला मॉड १ च. दुकानदार "लगेगा, लगेगा" म्हणाला तरी पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पाकीट नसेल तर दोन्ही गिअर हातात धरून दाते एकमेकांत बसवा आणि उजेडासमोर धरा. जुळत असतील तर दाते सलग एकसारखे बसलेले दिसतात. नसतील तर दोन-तीन दात्यांनंतर फट तिरकी होत जाते.

स्लिपर क्लच

स्परच्या मधोमध स्प्रिंग आणि नट असतो, तो स्लिपर. झटका आला की त्याने थोडं घसरायचं, म्हणजे दाते वाचतात. पोरं तो पार आवळून टाकतात, कारण घसरला की ट्रक "पिकअप घेत नाही". मग झटका थेट दात्यांवर येतो. उलट फार ढिला ठेवला तर सतत घसरून तापतो आणि ती गरमी स्परच्या मध्यात साठते. मग स्पर आतून बाहेरच्या दिशेने मऊ पडतो.

माझी पद्धत अशी: नट हलक्या हाताने पूर्ण कसायचा आणि मग पाऊण ते दीड फेरा मागे घ्यायचा. तुमच्या ट्रकच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच खरं. मग जमिनीवर उभ्या ट्रकला एकदम थ्रॉटल द्या. सुरुवातीला फूट-दीड फूट घसरल्याचा सूंऽऽ आवाज यावा, मग पकड घ्यावी. काही मोठ्या ट्रकमध्ये स्लिपर नसतो, स्पर थेट मधल्या डिफवर बसतो. तिथे स्पर धरून ठेवणारे स्क्रू बघा, ते ढिले होतात.

मुंबईची वाळू, मुंबईचा पाऊस

आपल्याकडे दाते झिजण्याचं कारण निम्म्या वेळा यंत्रात नसतंच. जुहूच्या किंवा अक्साच्या किनाऱ्यावर ट्रक पळवायला मजा येते हे खरं. पण ओल्या वाळूचा एक घास झाकणाच्या फटीतून आत गेला की ग्रीस आणि वाळू मिळून उत्तम पॉलिश पेपर तयार होतो. वर खारं पाणी. त्याने बेअरिंग एका रात्रीत जाम होतात. मैदानातली लाल माती त्याहून बारीक. शिवाजी पार्कच्या धुळीवरून आसपासच्या इमारतीतले लोक किती वर्षं ओरडतायत! तीच धूळ तुमच्या गिअरबॉक्समध्येही जाते.

म्हणून उघड्या स्पर-पिनियनला ग्रीस लावू नका. बंद गिअरबॉक्सच्या आत ग्रीस, बाहेर कोरडं. समुद्रावरून आल्यावर ब्रशने वाळू झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. पाण्याचा पाइप मारू नका, कारण जोराचं पाणी वाळू उलट आत ढकलतं. डब्ल्यूडी-४० मारून काम झालं असंही समजू नका, तो पाणी हाकलतो आणि त्याबरोबर बेअरिंगमधलं ग्रीसही. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालावा लागतो. पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ट्रक ओला ठेवून कपाटात ढकलला तर गणपतीनंतर बाहेर काढताना चाकं फिरणार नाहीत.

बेअरिंगची तपासणी: स्परच्या शाफ्टला बोटाने वर-खाली हलवा. किंचितही डुगडुगलं तर बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलं की मेश कितीही नीट लावा, जोर आला की शाफ्ट सरकून दाते सुटणार. हे कारण फार लोकांच्या नजरेतून निसटतं, कारण हातात धरल्यावर सगळं ठीक वाटतं. जुनं बेअरिंग काढा, कॅलिपरने मापा आणि आकडे लिहून घेऊन नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. अनेक १:१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या) ट्रकमध्ये आत ५, बाहेर ११ आणि जाडी ४ मिलिमीटर असं माप निघतं. रबर सीलवालं मागा, पत्र्याच्या झाकणाचं नको. वाळूला रबरच अडवतं. ०.१ आणि ०.२ मिलिमीटरच्या शिम चकत्या (फट भरायच्या पातळ चकत्या) दिसल्या तर त्याही उचला, पुढे लागतील.

तापतंय का?

पंधरा मिनिटं चालवून मोटरला हात लावा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरवत नसेल तर गिअरिंग जड आहे किंवा मेश घट्ट आहे. मेश आत्ताच तपासलाय, म्हणजे उरलं गिअरिंग. हिशोब सोपा: स्परचे दाते भागिले पिनियनचे. ८६ आणि १९ असतील तर ४.५३. वेग हवा म्हणून पिनियन २३ चा केलात की ३.७४. तेवढ्याने मोटरवरचा ताण बराच वाढतो. त्यात मूळपेक्षा मोठे टायर टाकले तर आणखी. आणि ७.४ व्होल्टच्या २ एसऐवजी (दोन सेलच्या) ११.१ व्होल्टची ३ एस (तीन सेलची) बॅटरी लावली तर मोटरचा वेग सरळ दीडपट. एवढं सगळं एकाच वेळी करून "प्लास्टिकच भिकार आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

लोखंडी स्पर लावू का, हे सगळेच विचारतात. लावता येतो. पण मग झटका पुढच्या दुबळ्या जागी जातो: डिफच्या आतले गिअर, शाफ्टची टोकं, गिअरबॉक्सचं प्लास्टिक. स्लिपर नीट नसेल तर लोखंडी स्पर म्हणजे जास्त खर्चाला आमंत्रण. माझ्या मते वरच्या सगळ्या गोष्टी नीट करून प्लास्टिकच ठेवावा.

डिफ आणि गिअरबॉक्स

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच हे उघडा.

ट्रक उचलून धरा, स्पर बोटाने घट्ट पकडा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने सुरळीत फिरायला हवं. फिरलंच नाही तर शाफ्ट, पिन किंवा शाफ्टचं टोक जिच्यात बसतं ती वाटी (कप) तपासा. फिरताना खडे लागल्यासारखं वाटलं तर डिफच्या आतले छोटे गिअर. जवळपास काहीच अडथळा न लागता भसाभस फिरलं आणि आधी असं नव्हतं, तर डिफचं सिलिकॉन तेल गळून गेलंय. फोर-व्हील ट्रकमध्ये पुढच्या चाकांनाही हीच परीक्षा.

डिफ उघडताना प्रत्येक चकती कुठून निघाली त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तिथल्या ०.१ मिलिमीटरच्या चकतीला फार किंमत आहे. मोठा रिंग गिअर आणि त्याला भिडणारा पिनियन (मोटरवरचा नव्हे, इथला) यांच्यात जास्त खेळ असेल तर जोर आल्यावर ते एकमेकांवरून उड्या मारतात, तीच जोरात दाबल्यावर येणारी टकटक. रिंग गिअरच्या मागच्या बेअरिंगपाशी एक चकती वाढवून तो पिनियनकडे सरकवायचा, जोडून हाताने फिरवून बघायचं, अडखळलं तर ती काढायची. तेल भरताना आतल्या आडव्या पिना जेमतेम बुडतील एवढंच. काठोकाठ भरलं की तापल्यावर फुगून गळतं.

इथे हात थांबवा

बॅटरी जराही फुगलेली दिसली तर ट्रकचं सगळं राहू द्या. ती चार्जला लावू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ज्वलनशील वस्तूंपासून दूर, लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात ठेवा आणि जाणकाराकडून तिची विल्हेवाट लावून घ्या.

स्पीड कंट्रोलरमधून (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या डबीतून) जळका वास येतोय किंवा आत पाणी गेलंय, तर बॅटरी लावून "बघू या चालतो का" करू नका. ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काम.

मोटरचा शाफ्ट वाकलेला असेल, म्हणजे हळू फिरवताना पिनियन डुलत असेल, तर ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. सरळ झाला असं वाटतं, होत नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू अडकला असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर टेकवून थोडा तापवा, थ्रेडलॉकर मऊ पडतो. एकदा करून बघा. नाही सुटला तर जास्त तापवू नका, मोटरची चुंबकं उष्णतेने कमजोर होतात. लेथवाल्याकडे न्या, तो स्क्रू ड्रिल करून काढेल किंवा पुलरने पिनियन ओढेल.

गिअरबॉक्सच्या डब्यात बेअरिंग बसायची जागा अंडाकृती झालेली दिसली, तर नवं बेअरिंग घालून काही होणार नाही. फेव्हिक्विक भरून जागा घट्ट करणारे महाभाग आहेत. तसं करू नका, शाफ्ट तिरका बसेल आणि नवे दाते जातील. डबाच बदलावा लागतो, आणि आतल्या चकत्यांची सवय नसेल तर तो जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्या.

त्याच्याकडे जाताना मेलेले स्पर आणि पिनियन एका छोट्या पिशवीत घालून न्या, अगदी मागच्या वेळचे उरले असतील तर तेही. कोणती बॅटरी, किती दात्यांचा पिनियन आणि कुठे चालवता, जुहूची वाळू, मैदान की सोसायटीचं डांबर, हे तीन प्रश्न तो विचारणारच. आधीच लिहून ठेवा.